परबभाऊ ड्युटीवर आहेत

हा लेख मी लिहावा की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी कोण लिहितं ते मी पाहिलं आहे. तीस-पस्तीस वर्षं एका जागी काढलेली, हाताखाली माणसं तयार केलेली, निवृत्त झालेली मंडळी. मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर नोकरी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लेख कसा लिहितात हे घरी विचारायची सोय नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लिही, पण कोणाचं नाव घालू नकोस. उगाच लफडं नको." म्हणून नावं बदलली आहेत. बाकी कुठे आगाऊपणा वाटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझी नोकरी लोकांवर संशय घेण्याची आहे. आमची एक छोटी एजन्सी आहे, दादरला, एका जिन्याखालच्या खोलीत. विमा कंपनीकडे कोणी पैशांचा दावा केला आणि कंपनीला त्यात काही खटकलं, की कंपनी आमच्या एजन्सीला कळवते. मग आमच्यातला एक जण त्या माणसाच्या घरी, शेजारी, दवाखान्यात जाऊन बघतो, की कागदावर लिहिलंय तसं खरंच झालंय का. जे दिसेल, ऐकू येईल, ते तिथूनच मोबाइलवर पाठवायचं. लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, त्यांना सांगूनच. एकदा पाठवलं की परत घेता येत नाही. हे मुद्दाम तसं केलंय, म्हणजे आम्हाला कोणी नंतर फोडू नये. संशय आमच्यावरही असतो.

आमचे देसाई सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "जाधव, खरं बोलणारा माणूस अडखळतो. त्याला आठवावं लागतं. चार जणांनी एकच वाक्य सांगितलं, की समजायचं, पाठ करून घेतलंय." मी ते मनात पक्कं करून ठेवलं. परळ, लालबाग, शिवडी हा भाग मला मिळाला, कारण मी चिंचपोकळीच्या चाळीतला. "तुला तिकडचे जिने ठाऊक आहेत," असं सर म्हणाले.

या कामात माणसं कशीकशी भेटतात; कधी दुसऱ्यांच्या भागातही जावं लागतं. शीव कोळीवाड्यात एका मावशींनी चौकशीच्या आधी माझ्यापुढे तळलेल्या बोंबलांची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "आधी खा, मग माझ्यावर संशय घे." बोंबील खाल्ल्यावर प्रश्न विचारायला जड जातं, हे त्यांना चांगलं माहीत असावं. गिरगावातल्या एका आजोबांनी उलट माझीच चौकशी केली. ओळखपत्र भिंगाखाली धरून पाहिलं, एजन्सीला फोन लावला, मला स्टुलावर बसवून ठेवलं आणि मग म्हणाले, "इतकी वर्षं हप्ता भरतोय, एकदाही इस्पितळात गेलो नाही. तरी हप्ता दर वर्षी वाढतो. हा विमा आहे की जिवंत राहिल्याचा दंड?" मी म्हणालो, "सर, मी फक्त पत्ता बघायला आलोय." ते म्हणाले, "म्हणजे ज्याला काही माहीत नाही असाच माणूस पाठवतात."

पण मला लिहायचं आहे ते परबांबद्दल.

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर मोहन परब राहतात. पन्नाशी ओलांडलेले. वडाळ्याच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. मालकाने गोदाम भिवंडीच्या पुढे नेलं आणि जुन्या माणसांना घरी बसवलं. नोकरी गेली त्याच दिवशी मालकाने काढलेला आरोग्य विमाही बंद झाला. पण परबांनी बायकोसाठी आणि स्वतःसाठी वेगळा एक विमा फार आधीपासून घेतलेला होता. त्याला एक जोडकलम होतं. नोकरी गेली, तर काही महिने हप्ता विमा कंपनीच भरेल. परबांनी त्या कलमाखाली दावा केला होता.

हे एवढं महत्त्वाचं का होतं, ते सांगतो. त्यांच्या पत्नीच्या हृदयाची झडप खराब झालेली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, पण औषधं देऊन थोडं थांबून. यंदा हप्ता एकदम वाढून आला होता, आणि तो भरायची मुदत जवळ येत होती. तो चुकला असता तर विमा संपला असता. नवा विमा घ्यायला गेलं तर आधीपासूनच्या आजाराला कित्येक वर्षं पैसे मिळत नाहीत. म्हणजे दावा मंजूर झाला तर ऑपरेशन, नाही तर काय, ते मला तेव्हा नीट माहीतही नव्हतं. माझ्या हातात फक्त पत्ता आणि एक प्रश्न होता: हा माणूस खरंच बेकार आहे का?

मी गेलो तेव्हा परबांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या सुरेखाताई गॅलरीत मिरच्या निवडत बसल्या होत्या. त्या मसाल्याच्या दुकानात कामाला आहेत, घरीही थोड्या ऑर्डरी घेतात. मला जोरात शिंक आली.

"कोण रे बाबा तू?"

दाव्याबद्दल शेजाऱ्यांना सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे. ती माणसाची खासगी गोष्ट असते. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "परबसाहेबांच्या कागदपत्रांची चौकशी आहे. ते काम काय करतात? तुमचं बोलणं रेकॉर्ड होईल, चालेल ना?"

सुरेखाताईंनी माझ्या बुटांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मग एकदम सरळ बसून म्हणाल्या, "परबभाऊ ड्युटीवर आहेत. रोज सकाळी डबा घेऊन जातात, दिवेलागणीला येतात. घड्याळ लावून घ्या."

दोन दारं सोडून गावकर आबा बसले होते. गिरणी बंद पडल्यापासून ते त्याच खुर्चीत बसलेत, असं चाळीत गमतीने म्हणतात. चाळीच्या गणपती मंडळाचे ते सेक्रेटरी.

"खयचो रे तू? तुका कोणी धाडल्यान?"

मी तेच वाक्य म्हटलं. आबांनी सुरेखाताईंकडे एक नजर टाकली आणि माझ्यासाठी भाषा बदलली, "मोहन ड्युटीवर आहे. सकाळी डबा घेऊन जातो, दिवेलागणीला येतो."

जिन्यात एक गृहस्थ भेटले. त्यांनी तर विचारायच्या आत सांगितलं, "परबभाऊ ना? ड्युटीवर."

तीन माणसं, एकच वाक्य. मी खाली उतरून नाक्यावर उभा राहिलो. देसाई सरांचं म्हणणं डोक्यात होतं. दावा म्हणतो बेकार, शेजारी म्हणतात ड्युटीवर. म्हणजे परब दुसरीकडे नोकरी करतात आणि इकडे बेकारीचा फायदा घेतात. रेकॉर्डिंग तर तिथल्या तिथेच गेलं होतं. सर फोनवर खूष. "पकडलास! आता तो कुठे जातो तेवढं बघून ये."

मला मात्र काहीतरी टोचत होतं. पाठ करून घेतलेली माणसं दावेदाराच्या फायद्याचं बोलतात. हे सगळे मिळून त्याचं नुकसान करत होते, तेही इतक्या प्रेमाने. असं कोण शिकवेल?

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी सकाळीच चाळीसमोर उभा राहिलो. परब खाली आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, त्यात डबा. ते चालत परळकडे निघाले, मी मागे. एका मोठ्या इस्पितळाच्या फाटकातून आत गेले. माझे पप्पा त्याच इस्पितळात सफाई कामाला आहेत. मला वाटलं, इथेच कुठेतरी कामाला लागलेत हे.

बाह्यरुग्ण विभागाच्या मोठ्या हॉलमध्ये, खांबाजवळच्या बाकावर परब बसले. मी लांबून बघत राहिलो. नंबर पुकारले जात होते, ते उठत नव्हते. गावाकडून आलेल्या एका जोडप्याला त्यांनी हात करून एक्स-रेची खोली दाखवली. मी मोबाइल काढला. हे काम म्हणायचं का? पैसे घेतात का? त्यांनी घेतले नाहीत. परत येऊन बसले.

पप्पा मॉप घेऊन तिकडून येत होते. मला बघून दचकले. "निल्या? कॉलेज नाय आज?"

"ते खांबाजवळचे, ते इथे काम करतात?"

"तो? तो रोज येतो. दुपारी इथेच डबा खातो. मी एकदा विचारलं, कोण पेशंट हाय तुमचा? तर म्हणाला, कोणी नाही, असंच. मी परत नाय विचारलं." पप्पांनी मॉप टेकवला. "बागेत बसला तर वॉचमन उठवतो. हॉटेलात बसला तर चहा घ्यावा लागतो. इथं बसलेल्या माणसाला कोणी काय विचारत नाय. तूपण नको विचारू."

पण माझं कामच ते होतं. मी जाऊन शेजारी बसलो आणि ओळख सांगितली. परबांचा चेहरा पडला, मग कडक झाला.

"किती मागणार?" ते हळू आवाजात म्हणाले.

"काय?"

"चांगला रिपोर्ट द्यायला. सरळ सांगा. माझ्याकडे नाही, पण सांगा."

मला राग आला. नंतर वाटलं, मी काल रात्रीपासून त्यांच्याबद्दल याहून वाईट विचार करत होतो. मी म्हणालो, "काका, मला काही नको. तुम्ही घरी का नाही बसत?"

ते डब्याच्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिले. "मी मंडळाचा खजिनदार आहे. किती वर्षं. कधी एक पावती इकडची तिकडे नाही झाली. उद्या कळलं खजिनदार बेकार आहे, तर कोणी तोंडावर बोलणार नाही. पण पेटी उघडताना हाताकडे बघतील. मला ते नाही सहन होणार. चाळीत कोणाला माहीत नाही. बायकोला तेवढं माहीत. तुम्ही कृपा करून शेजाऱ्यांना काही विचारू नका."

"काल विचारलं," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

"ड्युटीवर आहेत म्हणाले."

त्यांना क्षणभर बरं वाटलं. ते मी पाहिलं. मग त्याचा अर्थ त्यांच्या लक्षात आला: नोकरी आहे, तर दावा खोटा.

देसाई सरांना मी सांगितलं, की मला पुन्हा एकदा जाऊन जबाब घ्यायचेत. ते म्हणाले, "स्वतःच्या वेळेत जा." मी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. या वेळी परबकाकी घरी होत्या. चार पावलं चालून दम लागत होता त्यांना. मी त्यांना सगळं सांगितलं. विमा दोघांच्याही नावावर होता, त्यामुळे त्यांना सांगायला नियमाची आडकाठी नव्हती. शेजाऱ्यांनी लेखी दिलं, की परब खरंच कामाला जात नाहीत, तर काही होऊ शकेल, असंही सांगितलं.

काकी उठून, चौकट धरून गॅलरीत उभ्या राहिल्या.

"सुरेखा! आबा! सगळे ऐका जरा. आमचे हे घरी बसलेत. नोकरी गेली. गोदाम हललं तेव्हाच गेली. मी खोटं बोलत होते."

मला वाटलं, आता सगळे थक्क होतील. सुरेखाताई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या, त्या तशाच काढत राहिल्या. "ठाऊक आहे ग. त्यात काय ओरडायचं? दम लागेल तुला."

"ठाऊक आहे?"

आबा खुर्चीतूनच म्हणाले, "आमका सगळा ठावक असा. मोहन पयल्याच दिवशी चुकीच्या बाजूक वळलो. वडाळ्याक जाणारो माणूस परळाक कित्याक वळात?"

"मग याला ड्युटीवर का सांगितलंत? नोकरी गेली म्हणून तर विमा कंपनी आमचा हप्ता भरणार होती!" काकींचा आवाज फाटला.

सुरेखाताईंनी माझ्याकडे बोट केलं. "हा बँकवाला वाटला मला! पिशवी, बूट, गोड बोलणं. बँकवाल्याला काय सांगतात? माणूस कामाला आहे, असंच ना? कर्जबिर्ज काढत असतील म्हटलं, आपल्यामुळे अडायला नको." मग माझ्यावर घसरल्या, "आणि तू रे! तोंडाने सांगता येत नव्हतं, मी बेकारीचे पैसे द्यायला आलोय म्हणून?"

"नियम आहे ताई, सांगायचं नाही."

"घाल चुलीत नियम."

तोवर इतर दारं उघडली होती आणि वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, बेकारीचा भत्ता सरकार देतं ना, मग खासगी कंपनीच्या पाया कशाला पडायचं? मी सांगितलं, तो कामगार विम्यातल्या लोकांना, आणि परबांचा पगार त्या मर्यादेच्या थोडा वर होता. जिन्यात भेटलेले गृहस्थ म्हणाले, "फुकट पैसे मिळाले की माणूस काम शोधत नाही, हे माझं मत आहे." आबा चिडले. "गिरणी बंद पडली तेवा आमका कोणी दिल्यान? आम्ही काय केला? भाजी इकली."

"तुम्हाला नाही मिळालं म्हणून त्यांनाही नको का आबा?" सुरेखाताई म्हणाल्या.

"तसा नाय म्हणलय मी." आबा जरा नरमले. "मी म्हणतय, तेवा मिळाला असता तर बरा झाला असता."

"आणि हप्ते बघा कसले वाढवलेत. मी तर सोडूनच दिला विमा. आजारी पडायचं नाही, एवढंच ठरवलंय," मागून कोणीतरी म्हणालं.

याच गडबडीत परब जिना चढून वर आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. सगळी गॅलरी माणसांनी भरलेली, मध्ये बायको उभी, बाजूला मी. ते थांबले. सगळ्यांकडे एकेकदा बघून म्हणाले,

"आज लवकर सुटलो."

कोणी हसलं नाही. सुरेखाताई पुढे झाल्या, त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि म्हणाल्या, "बसा भाऊ. चहा टाकते."

परब आत गेले आणि मंडळाच्या पेटीची किल्ली घेऊन बाहेर आले. ती आबांच्या पुढे ठेवली. आबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "ती जागेवर ठेव. माका रात्री दिसणा नाय, माझ्याकडसून हरावतली."

त्या संध्याकाळी सगळ्यांनी लेखी जबाब दिले. पहिलं बोलणं का तसं होतं, तेही प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिलं. दोघे अडखळले, एकाने तारीख चुकवली. इस्पितळाच्या बाकाबद्दलही मी सगळं लिहिलं. मला वाटलं, याहून खरा रिपोर्ट मी आजवर पाठवलेला नाही.

देसाई सरांनी तो वाचला. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "जाधव, तू लिहिलंस ते मला पटतं. पण वरच्यांना काय दिसेल? आधी अचानक विचारलं तेव्हा एक बोलले. दावेदाराला कळल्यावर दुसरं बोलले. आपल्या धंद्यात पहिलं बोलणं खरं धरतात."

मी विचारलं, "मग मी दुसऱ्यांदा गेलोच नसतो तर?"

"तर तुला झोप लागली नसती, एवढंच."

आमच्या कामाची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. रिपोर्ट गेला की पुढे काय झालं, ते आम्हाला कोणी कळवत नाही. आम्ही विचारायचंही नसतं. मी बस लालबागवरून गेली की खिडकीतून त्या चाळीकडे बघायचो आणि वाईटच धरून चालायचो. मला हल्ली तशीच सवय लागली आहे. वर्गात एका मित्राने ताप आला म्हणून सांगितलं, तर मी मनात म्हटलं, कुठल्या डॉक्टरकडे गेला होता? आई म्हणते, या नोकरीने माझी नजर बदलली. पदवी मिळाली की दुसरं काही बघणार आहे. पण हेही खरं, की बिलं फुगवणारी इस्पितळं मी पाहिली आहेत, आणि हप्ते वाढायला तीही थोडी कारण आहेतच. कोणीतरी बघायला हवंच. ते मी व्हावं की नाही, हे मला ठरवता येत नाही.

पुढे एकदा आईसाठी मसाला आणायला गेलो, तर दुकानात सुरेखाताई. मी तोंड लपवायच्या आत त्यांनी हाक मारली, "ए बँकवाल्या!"

दावा नामंजूर झाला होता. शेजाऱ्यांच्या जबाबात विसंगती, असं कारण. मी मान खाली घातली.

"अरे ऐक तरी पुढचं. आबांनी मंडळाची सभा लावली. म्हणाले, आपल्या तोंडामुळे गेलं, तर हप्ता आपणच भरायचा. वैद्यकीय मदत म्हणून नोंद करायची. भाऊ म्हणाले, मी खजिनदार, माझ्या घरात मंडळाचा पैसा येणार नाही. मग आबांनी त्यांना सभेच्या बाहेर काढलं. घरचा विषय असला तर माणसाने बाहेर बसायचं, असं म्हणून. भाऊ जिन्यात बसले. आबांनी विचारलं, कोणाची हरकत? तर जिन्यातून आवाज आला, माझी आहे! आबा म्हणाले, तू भायर आसस मेल्या. भायरच्याची हरकत चलाची नाय."

फुकट पैसे नकोत म्हणणारे, मला पहिल्या दिवशी जिन्यात भेटलेले ते गृहस्थ, ठरावाला अनुमोदन त्यांनीच दिलं. चेकवर अध्यक्षांची आणि आबांची सही चालते, त्यामुळे परबांची लागली नाही.

"मुदतीच्या आत भरला?" मी विचारलं. "चेक वटला ना? पावती घेतली?"

सुरेखाताई हसल्या. "तू नाही सुधारणार."

पण त्यांनी पावती पाहिली नव्हती. त्यामुळे माझ्या मनातून ते गेलं नाही. मुदत उलटली असली तर? कंपनीने हप्ता घेऊनही ऑपरेशनला नकार दिला तर? असं होतं, मी पाहिलंय.

गेल्या आठवड्यात पप्पा कामावरून आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसताना सहज म्हणाले, "तुझा तो खांबाजवळचा माणूस आज परत दिसला."

माझा घास तसाच राहिला. म्हणजे अजून तेच. डबा, बाक, संध्याकाळपर्यंत.

"विचारलंत काही?"

"तुला विचारू नको म्हणालो होतो, पण मीच विचारलं. कोण पेशंट हाय? तर उठून उभा राहिला." पप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. "म्हणाला, माझी बायको. वर आहे, दुसऱ्या मजल्यावर. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आली."